झारने भूदास सोडवले, पण बिल कोणी भरलं? (रशिया, १८६१)

खडूफळा (धागाकर्ता)

दुसरा अलेक्झांडर म्हटलं की शाळेच्या पुस्तकात एकच ओळ असायची, याने १८६१ साली भूदासांना मुक्त केलं म्हणून याला मुक्तिदाता झार म्हणतात. संपलं, पुढचा धडा. हल्ली या विषयावर बरंच वाचन झालं आणि त्यातली एक गोष्ट डोक्यातून जाईना, ती म्हणजे या मुक्तीचा हिशोब. राजकारण, युद्ध, बॉम्ब सगळं येईलच पुढे, पण मला आधी पैशांबद्दल बोलायचंय.

आधी थोडी पार्श्वभूमी. जमीनदारांच्या मालकीचे भूदास होते साधारण २ कोटी ३० लाख, बायकापोरं धरून. म्हणजे रशियातल्या दर तीन माणसांत एकाहून जास्तच. हे लोक जमिनीला बांधलेले, मालकाच्या परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही, लग्नालाही त्याची परवानगी, मालक त्यांना विकू शकतो, गहाण टाकू शकतो, सैन्यात पाठवू शकतो, डोकं फिरलं तर सायबेरियातही. सम्राज्ञी कॅथरीनच्या काळात १७६७ पासून तर मालकाविरुद्ध तक्रार करणं हाच गुन्हा. कामाची पद्धत दोन प्रकारची, एक वेठ (बारशिना), म्हणजे आठवड्यातले ठराविक दिवस मालकाच्या शेतात फुकट राबायचं, आणि दुसरी खंड (ओब्रोक), म्हणजे वर्षाला अमुक इतके रुबल मालकाला द्यायचे आणि मग कुठे काय काम करायचं ते करा. १७९७ मधे झार पॉलने फतवा काढला होता की वेठ तीन दिवसांपेक्षा जास्त नको आणि रविवारी तर नकोच. कोणी पाळला? फारसं कोणी नाही.

मग १८५३ ते ५६ चं क्रिमियाचं युद्ध. युरोपातलं सगळ्यात मोठं सैन्य घरच्याच किनाऱ्यावर हरलं. मॉस्कोच्या दक्षिणेला रेल्वेच नव्हती, इंग्रज-फ्रेंचांची रसद समुद्रातून लवकर पोचायची आणि रशियन सैन्याची बैलगाडीने. युद्ध चालू असतानाच फेब्रुवारी १८५५ मधे पहिला निकोलस गेला आणि अलेक्झांडर गादीवर आला. पुढच्या वर्षी मॉस्कोच्या सरदारांसमोर त्याने सांगून टाकलं की भूदासप्रथा खालून आपोआप मोडायला लागेपर्यंत वाट बघण्यापेक्षा आपण वरून मोडलेली बरी. यात दया किती आणि भीती किती ते तुम्हीच ठरवा.

सही झाली १९ फेब्रुवारी १८६१ ला (जुनं रशियन कॅलेंडर, आपल्या हिशोबाने ३ मार्च). जाहीर केलं मात्र दोन आठवड्यांनी, ५ मार्चला. मधे मास्लेनित्साचा सण होता, लोक पिऊन टाइट असतात, त्यात ही बातमी नको. म्हणून सणाच्या शेवटच्या रविवारी, उपास सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, चर्चमधे वाचून दाखवली. राजधानीत सैन्य तयार ठेवून.

आता हिशोब. शरीराने माणूस लगेच मोकळा, लग्न करा, धंदा करा, कोर्टात जा. पण जमीन मालकाचीच धरली. शेतकऱ्याला आपलं घर आणि कसत असलेला तुकडा हवा तर विकत घ्यायचा. किंमत कशी ठरवली बघा. समजा शेतकरी वर्षाला १० रुबल खंड भरत होता. सहा टक्के व्याजाने वर्षाला १० रुबल मिळायला बँकेत किती ठेवावे लागतील? साधारण १६७. झाली जमिनीची किंमत १६७ रुबल. म्हणजे जमीन किती पिकते याच्याशी संबंधच नाही, मालकाचं उत्पन्न बुडू नये एवढंच बघितलं. त्यातले ८० टक्के, म्हणजे १३३ रुबल, सरकार मालकाला देणार, उरलेले ३३ शेतकऱ्याने थेट मालकाला द्यायचे. आणि सरकारने दिलेले १३३ शेतकऱ्याने सरकारला फेडायचे, दरसाल सहा टक्के म्हणजे ८ रुबल, ४९ वर्षं. ८ गुणिले ४९ म्हणजे ३९२, अधिक ते ३३. आजच्या होमलोनवाल्यांनी जरा श्वास घ्या.

सगळ्या रशियाचं गणित मांडलं तर त्या वेळच्या बाजारभावाने साधारण ५४ कोटी रुबलची जमीन शेतकऱ्यांच्या गळ्यात ८६ कोटींच्या वर किमतीला मारली. हा वरचा फरक कशाचा? माझ्या मते तो माणसांचा भाव आहे. माणूस फुकट सोडला असं कागदावर, आणि त्याची किंमत जमिनीत मिसळून त्याच्याकडूनच घेतली. उत्तरेकडच्या नापीक भागात तर हे उघडच दिसतं, तिथे जमिनीला काही किंमत नव्हती, मालकाचं खरं उत्पन्न शेतकऱ्याने शहरात जाऊन कमावलेल्या पगारातून यायचं, आणि नेमकी तिथेच जमीन बाजारभावाच्या जवळजवळ दुप्पट किमतीला लावली.

बोला आता, मुक्तिदाता म्हणायचं का?

मावळतीकर

धागा आवडला. एक बेसिक शंका, हा माणूस निरंकुश सम्राट ना? संसद नाही, घटना नाही. मग एका कागदावर सही करून जमिनीसकट सोडा म्हणायला काय अडचण होती? १८५५ ला गादी आणि १८६१ ला कायदा, सहा वर्षं काय करत होता?

खडूफळा

मावळतीकर, चांगला प्रश्न. निरंकुश असला तरी जिल्ह्याजिल्ह्यात राज्य चालवायला त्याच्याकडे माणसंच नव्हती, ते काम जमीनदारच करायचे. करवसुली तेच, सैन्यभरती तेच, गावातला न्यायनिवाडा तेच. त्यांना दुखवलं तर राज्य कोणाच्या जोरावर करणार? याचा बाप निकोलस याने १८४२ मधे स्टेट कौन्सिलमधे (झारची सल्लागार परिषद) स्पष्ट सांगितलं होतं की भूदासप्रथा वाईट आहे हे सगळ्यांना दिसतंय, पण आत्ता तिला हात लावणं त्याहून वाईट. आणि आपल्या तीस वर्षांच्या राज्यात गुप्त समित्यांवर गुप्त समित्या नेमत बसला.

अलेक्झांडरने पण सुरुवात गुप्त समितीनेच केली, १८५७ मधे. समितीतली म्हातारी मंडळी वेळ काढत बसली. मग त्याने एक खेळी केली. विल्नाचा गव्हर्नर जनरल नाझिमोव याच्या नावे नोव्हेंबर १८५७ मधे एक आदेश काढला, तुमच्याकडचे सरदार सुधारणा हवी म्हणतायत ना, मग समिती नेमा आणि योजना पाठवा. आणि तो आदेश छापून सगळ्या गव्हर्नरांना पाठवला. झालं, गुप्त काही उरलं नाही. बाकीच्या प्रांतातल्या सरदारांना 'आम्हालाही समिती नेमायची आहे' असा अर्ज करावाच लागला, नाहीतर राजाला नको असलेले ठरले असते.

पुढे मसुदा करायला १८५९ मधे संपादकीय आयोग बसवले, अध्यक्ष याकोव रोस्तोव्त्सेव नावाचा जनरल आणि खरं डोकं निकोलाय मिल्यूतिन. हा अधिकारी जमीनदारांना लाल रंगाचा वाटायचा. झारची काकू एलेना पाव्लोव्ना आणि भाऊ कॉन्स्टंटिन यांचा त्याला पाठिंबा. रोस्तोव्त्सेव १८६० च्या सुरुवातीला वारला तेव्हा झारने त्याच्या जागी पानिन नेमला, हा एकदम कट्टर जुन्या वळणाचा, सगळे हबकले, पण झारने सांगितलेलं करायचं एवढं त्याला कळत होतं. शेवटी स्टेट कौन्सिलमधे बऱ्याच मुद्द्यांवर बहुमत विरोधात गेलं तेव्हा झारने अल्पमताच्या बाजूने सही केली. तिथे मात्र निरंकुश असणं कामाला आलं.

रोखठोक_पाटील

जमीनदारांची दया येत नाही मला पण एक विचारतो, एवढे पैसे मिळाले तर हे लोक गब्बर झाले असतील ना?

खडूफळा

नाही हो पाटील, तीच तर गंमत. जमीनदार आधीच कर्जात बुडालेले. १८५९ च्या आसपास साधारण दोनतृतीयांश भूदास सरकारी बँकांकडे गहाण पडलेले होते. हो, माणसं गहाण. सरकारने मोबदला देताना आधी ते कर्ज कापून घेतलं, आणि उरलेलं दिलं ते रोख नाही, रोख्यांत, ज्यांचा भाव बाजारात लगेच पडला. म्हणजे सरकारने आपली बुडीत कर्जं वसूल केली ती शेतकऱ्याच्या पुढच्या ४९ वर्षांच्या हप्त्यांतून. १८६२ ते १९०५ या काळात सरदारांच्या हातातली साधारण ४० टक्के जमीन गेली, बरीचशी विकून. पॅरिसला जाऊन खर्च केले म्हणतात ते काही जणांच्या बाबतीत खरंही आहे.

रोखठोक_पाटील

बरं मग आपल्याकडचा कुळकायदा पण असाच की. कुळांनी पण किंमत भरलीच की हप्त्याने.

खडूफळा

भरली, पण मोठा फरक आहे. कुळकायद्याची किंमत सारा किती त्याच्या पटीत ठरली, म्हणजे जमिनीवरून. मालकाला मिळणारा खंड आहे तेवढाच चालू राहावा म्हणून नाही. शिवाय कूळ स्वतः मालक झालं, सातबाऱ्यावर नाव आलं. रशियात जमीन माणसाच्या नावावर झालीच नाही, गावाच्या नावावर झाली. 'मीर' म्हणजे गावची सभा, जमीन तिची, कर आणि हप्ता भरायची जबाबदारी सगळ्या गावाची मिळून. एकाने बुडवला तर शेजाऱ्याने भरायचा. मग शेजारी त्याला गाव सोडू देईल का? बाहेर कामाला जायचं तर पासपोर्ट लागायचा आणि तो गावच्या संमतीने मिळायचा. मालक गेला आणि त्या जागी गावकी बसली. कुळकायद्याचं इथेच थांबवूया, नाहीतर धागा कोकणात जाईल.

सीमाताई

सही आणि जाहीरनामा यांच्या मधल्या त्या दोन आठवड्यांवरून आठवलं. तारास शेवचेंको, युक्रेनचा सगळ्यात मोठा कवी, जन्माने भूदास. त्याच्या चित्रकलेमुळे पीटर्सबर्गमधल्या काही लोकांनी त्याला सोडवायचं ठरवलं, मालक एंगेलहार्ट याने २५०० रुबल मागितले. मग चित्रकार ब्र्यूलोव याने कवी झुकोव्स्कीचं पोर्ट्रेट काढलं आणि त्याची लॉटरी केली, राजघराण्यातल्यांनी तिकिटं घेतली, त्या पैशातून १८३८ मधे शेवचेंको मोकळा झाला. आता हा झुकोव्स्की कोण, तर दुसऱ्या अलेक्झांडरचा, म्हणजे तेव्हाच्या युवराजाचा शिक्षक! पुढे निकोलसवर लिहिलेल्या कवितेपायी शेवचेंको दहा वर्षं सैन्यात काळ्या पाण्यावर होता, आणि मुक्तीसाठी आयुष्यभर लिहून शेवटी वारला तो २६ फेब्रुवारी १८६१ ला, जुन्या कॅलेंडरने. कायद्यावर सही होऊन आठवडा झाला होता आणि जाहीर व्हायला आठवडा होता. वाईट वाटतं वाचून.

बाकी खडूफळा, तुमचा लेख चांगला आहे पण शेतकऱ्यांना स्वतःला काय वाटलं ते आलंच नाही. आकडे, समित्या, आणि सगळे सही करणारे लोक.

खडूफळा

सीमाताई, लिहितो. जाहीरनामा लिहिला होता मॉस्कोचा धर्मगुरू फिलारेत याने, स्वतः सुधारणेबद्दल फार उत्साही नसलेला माणूस, आणि भाषा अशी जड चर्ची की वाचणाऱ्या पाद्र्यांनाही नीट कळेना. शेवटी एवढंच कळलं की दोन वर्षं आहे तसंच चालू ठेवा, मालकाची आज्ञा पाळा, नंतर बघू. लोकांचा विश्वासच बसेना. झार आपला बाप, तो असं करणार नाही, खरा कागद मालकांनी आणि पाद्र्यांनी लपवलाय असा समज पसरला. आणि त्यांच्या डोक्यात जमीन आपलीच होती, शेकडो वर्षं आपण नांगरतोय, तिचे पैसे कसले द्यायचे?

कझान प्रांतात बेझ्दना नावाच्या गावात अंतोन पेत्रोव नावाचा एक शेतकरी होता, थोडंफार वाचता येणारा. त्याने कायद्याचं जाडजूड पुस्तक वाचून काढलं, त्यात नमुन्यासाठी छापलेली शून्यं आणि टक्क्याची खूण बघितली आणि जाहीर केलं की हीच झारने दिलेली खऱ्या मुक्तीची खूण, वेठ बंद, जमीन आपली. आजूबाजूच्या गावातून हजारो लोक जमले. हातात काही हत्यार नाही. १२ एप्रिलला जनरल आप्राक्सिनने गोळीबार केला, पन्नासच्या वर माणसं मेली, पेत्रोवला आठवड्याभरात गोळी घातली. कझानच्या विद्यार्थ्यांनी मेलेल्यांसाठी प्रार्थनासभा ठेवली, तिथे इतिहासाचा प्राध्यापक श्चापोव बोलला, त्याला अटक. हा काही एकच प्रकार नाही, त्या वर्षी हजारावर इस्टेटींवर काही ना काही गडबड झाली.

आणि ज्यांच्याकडे जमीन नव्हतीच ते घरगडी, स्वयंपाकी, कोचमन वगैरे, १४-१५ लाख लोक, त्यांना काहीच मिळालं नाही. दोन वर्षांनी जा म्हणाले. जे कसत होते त्यांचीही जमीन कायद्याच्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर वरचा तुकडा मालकाने कापून घ्यायचा. सरासरी पाचवा हिस्सा गेला, काळ्या मातीच्या सुपीक भागात त्याहून बराच जास्त. कापताना मालक बरोब्बर कुरण, पाणवठ्याची वाट, सरपणाचं जंगल कापायचा, मग तेच वापरायला शेतकऱ्याने पुन्हा त्याच्या शेतात काम करायचं. सगळी फसवाफसवी नकाशावर.

हप्ते परवडणार नसतील तर अजून एक सोय होती, ठरलेल्या हिश्शाचा चौथा भाग फुकट घ्या आणि विषय संपवा. बऱ्याच जणांनी घेतला, विशेषतः व्होल्गाच्या बाजूला जिथे तेव्हा जमीन स्वस्तात खंडाने मिळायची. वीस-तीस वर्षांनी लोकसंख्या वाढली, खंड वाढला, आणि त्या तुकड्यावर पोट भरेना. लोक त्याला भिकाऱ्याचा हिस्सा म्हणायचे.

तटस्थ_वाचक

खडूफळा, अभ्यास आहे तुमचा पण सूर जरा एकतर्फी वाटला. त्याच काळात अमेरिकेत काय झालं बघा. लिंकनची घोषणा १८६३, त्याआधी आणि नंतर धरून चार वर्षं यादवी, सहा लाखाच्या वर सैनिक मेले, आणि गुलामांना शेवटी जमीन किती मिळाली? शून्य. रशियाच्याच बाल्टिक प्रांतात १८१६ ते १८१९ मधे भूदास मोकळे केले होते, जमिनीशिवाय, त्यांचे हाल बघूनच तर मिल्यूतिन वगैरे लोक जमिनीसकट मुक्तीवर अडून बसले. महाग दिली असेल, कमी दिली असेल, पण सव्वादोन कोटी माणसं यादवी न होता मोकळी झाली आणि पायाखाली काहीतरी जमीन राहिली. हे त्या काळात दुसऱ्या कोणी एवढ्या प्रमाणात केलेलं मला तरी माहीत नाही.

अवांतर: जोतिबांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या लोकांना. रशियाच्या मुक्तीची इथे तेवढी चर्चा झालेली दिसत नाही.

खडूफळा

तटस्थ, बाल्टिकचा मुद्दा एकदम मान्य, तो मूळ लेखात यायला हवा असा आहे. मिल्यूतिनला मी व्हिलन म्हणतच नाहीये. माझं म्हणणं एवढंच की सरकारने या व्यवहारात स्वतःच्या खिशातून काही घातलं नाही. युद्धानंतर तिजोरी रिकामी होती हे खरं, पण १८६३ च्या पोलंडच्या उठावानंतर तिथल्या आणि पश्चिमेकडच्या प्रांतातल्या शेतकऱ्यांसाठी हेच सरकार एकदम उदार झालं. पोलिश जमीनदार बंडखोर ना, मग त्यांच्या शेतकऱ्यांना स्वस्तात आणि जास्त जमीन द्या, १८६४ मधे तो कायदा करायला मिल्यूतिनलाच पाठवला. म्हणजे जमीनदाराला दुखवायचं मनात असलं की जमत होतं.

वकीलीण_बाई

माझा आवडता भाग कोणीच काढला नाही म्हणून लिहिते. १८६४ ची न्यायव्यवस्थेची सुधारणा. त्याआधी रशियन कोर्ट म्हणजे बंद खोली, सगळं लेखी, वकील नाही, लाच उघड. आणि एका फटक्यात उघडी कोर्टं, तोंडी युक्तिवाद, वकिलांची स्वतंत्र संघटना, न्यायाधीशाला सहज काढता येणार नाही अशी तरतूद, आणि ज्यूरी! ज्यूरीत परवापर्यंत भूदास असलेला शेतकरी बसू शकत होता. भूदासांवर मालक न्याय करत होता तो गेला, त्यामुळे नवी कोर्टं लागणारच होती, पण एवढं चांगलं करतील असं कोणाला वाटलं नव्हतं.

मग १८७८. पीटर्सबर्गच्या गव्हर्नर त्रेपोवने एका राजकीय कैद्याला टोपी काढली नाही म्हणून फटके मारायला लावले, आणि १८६३ मधे याच झारने फटक्यांची शिक्षा बहुतेक ठिकाणी बंद केली होती. वेरा झासूलिच नावाची तरुणी अर्ज द्यायला म्हणून त्याच्या ऑफिसात गेली आणि पिस्तूल झाडलं. त्रेपोव जखमी झाला, मेला नाही. गोळी झाडली हे तिने नाकारलंच नाही. न्यायाधीश अनातोली कोनी याच्यावर वरून दबाव आला, त्याने ऐकलं नाही, आणि ज्यूरीने निर्दोष सोडलं! सरकार इतकं हादरलं की अधिकाऱ्यांवरच्या हल्ल्याचे खटले ज्यूरीकडून काढून घेतले. स्वतः बांधलेल्या कोर्टाने सरकारलाच हरवलं. मला यापेक्षा मोठा पुरावा नको की सुधारणा खरी होती.

पण शेतकऱ्यांची आपापसातली भांडणं मात्र वेगळ्या गावकोर्टात, रूढीप्रमाणे, आणि तिथे फटके चालूच होते १९०४ पर्यंत. कायद्यापुढे समान वगैरे शेतकरी सोडून.

डॉ_खेडवळ

याच काळातली झेम्स्त्वो ही भानगड पण महत्त्वाची. १८६४ पासून प्रांत आणि जिल्हा पातळीवर निवडून आलेल्या सभा, त्यात सरदार जास्त पण शेतकरी पण. रस्ते, शाळा, दवाखाने यांचं काम. खेड्यात फुकट दवाखाना आणि पगारी डॉक्टर ही कल्पना रशियात यांनी रुजवली. चेकव्ह स्वतः १८९२ च्या कॉलऱ्यात झेम्स्त्वोसाठी काम करत होता, पंचवीस गावं सांभाळत होता आणि मानधन घेतलं नाही. त्याच्या आजोबांनी १८४१ मधे पैसे साठवून स्वतःला आणि कुटुंबाला मालकाकडून विकत घेतलं होतं, ३५०० रुबलला. आजोबा भूदास आणि नातू जगप्रसिद्ध लेखक, मधे फक्त एक पिढी.

आर्मीचं पण कोणीतरी लिहा. २५ वर्षांची सैन्यभरती होती ना?

खडूफळा

हो. मिल्यूतिनचा भाऊ द्मित्री, युद्धमंत्री. जुन्या पद्धतीत भूदासाला सैन्यात घेतलं की तो कायद्याने मोकळा व्हायचा, त्यामुळे थोडी वर्षं शिकवून घरी पाठवून राखीव फौज ठेवता येत नव्हती, लाखो मोकळी शिकलेली माणसं खेड्यात बंदुकीचं ज्ञान घेऊन फिरणार या कल्पनेनेच जमीनदारांना घाम फुटायचा. म्हणून थेट २५ वर्षं. घरचे निरोप देताना मयतासारखं रडायचे. भूदासप्रथा गेल्यावरच १८७४ चा कायदा शक्य झाला, सगळ्या वर्गांतल्या तरुण मुलांना चिठ्ठी काढून भरती, सहा वर्षं प्रत्यक्ष आणि नऊ राखीव, आणि शिकलेल्याला कमी, पदवीधराला फक्त सहा महिने. शाळेत जायला याहून चांगलं आमिष काय असणार.

हेलसिंकीवासी

इथे हेलसिंकीत सिनेट स्क्वेअरच्या मधोमध दुसऱ्या अलेक्झांडरचा पुतळा आहे, १८९४ चा. रशियाशी इतकं सगळं होऊनही फिनिश लोकांनी काढला नाही. कारण १८६३ मधे यानेच पन्नासहून जास्त वर्षांनी फिनलंडची संसद पुन्हा बोलावली आणि फिनिश भाषेला सरकारदरबारी जागा दिली. पुढे दुसरा निकोलस जेव्हा फिनलंडचे अधिकार कापायला लागला तेव्हा लोक मुद्दाम या पुतळ्यापाशी फुलं ठेवायचे, एका झारचा निषेध दुसऱ्या झारला फुलं वाहून. ऑफिसातल्या पोलिश कलीगला हे सांगितलं तर तो म्हणाला आमच्याकडे हाच माणूस फाशी आणि सायबेरियासाठी प्रसिद्ध आहे. आणि कॉकेशसमधले चेर्केस लोक १८६४ मधे लाखोंनी तुर्कस्तानात हाकलले ते याच्याच राज्यात. मुक्तिदाता कोणासाठी, ते तुम्ही कुठे उभे आहात त्यावर आहे.

मावळतीकर

एवढं करून शेवटी बॉम्बनेच मेला ना? ज्यांच्यासाठी केलं त्यांनीच मारलं असं म्हणतात.

खडूफळा

ज्यांच्यासाठी केलं त्यांनी नाही, मारलं ते नरोदनाया वोल्या या गुप्त क्रांतिकारी संघटनेच्या मूठभर तरुण शिकलेल्या लोकांनी. शेतकरी उलट म्हणाले की झारने आम्हाला सोडवलं म्हणून सरदारांनी सूड घेतला. पहिला हल्ला १८६६, काराकोझोव. मग पॅरिसमधे, मग रेल्वेखाली सुरुंग, मग १८८० मधे हिवाळी राजवाड्यात सुतार बनून राहिलेल्या खाल्तूरिनने जेवणघराखाली स्फोट केला, ११ मेले, झार जेवायला उशिरा आला म्हणून वाचला. १ मार्च १८८१ ला पीटर्सबर्गच्या कालव्याकाठी पहिला बॉम्ब रिसाकोवने टाकला, गाडी तुटली पण झार ठीक. निघून जायचं सोडून हा उतरून जखमींना बघायला गेला आणि दुसरा बॉम्ब ग्रिन्येवित्स्कीने पायाशीच टाकला. सगळ्याची आखणी सोफिया पेरोव्स्काया करत होती, रुमाल हलवून खुणा करत होती, स्वतः एका माजी गव्हर्नरची मुलगी.

त्याच दिवशी सकाळी त्याने गृहमंत्री लोरिस-मेलिकोवच्या योजनेला मान्यता दिली होती, निवडून आलेल्या लोकांना कायद्याच्या मसुद्यांवर सल्ला द्यायला बोलवायचं. घटना नव्हे, पण सुरुवात म्हणता आली असती. मुलाने, तिसऱ्या अलेक्झांडरने, ती बाजूला टाकली आणि एप्रिलअखेर जाहीर केलं की निरंकुश सत्ता अढळ राहील. झेम्स्त्वो आणि कोर्टांचे पंख पुढे छाटले गेले.

तटस्थ_वाचक

मग त्या जमिनीच्या हप्त्यांचं काय झालं? ४९ वर्षं म्हणजे १९१० ला संपायला हवेत.

खडूफळा

संपलेच नसते. मुळात व्यवहार मालक राजी असेल तेव्हा सुरू व्हायचा, तोपर्यंत शेतकरी 'तात्पुरता बांधील' म्हणून जुनाच खंड किंवा वेठ भरत राहायचा. वीस वर्षांनी सुद्धा दहा-पंधरा टक्के लोक तसेच अडकलेले होते. शेवटी डिसेंबर १८८१ च्या कायद्याने १८८३ पासून खरेदी सक्तीची केली आणि हप्तेही थोडे कमी केले. म्हणजे त्यांची ४९ वर्षं तिथून मोजायची, १९३२ पर्यंत! मधे १८९१-९२ चा दुष्काळ आला, थकबाकी डोंगराएवढी झाली, सरकार माफ करत, पुढे ढकलत राहिलं. गावाची सामूहिक जबाबदारी १९०३ मधे काढली. आणि १९०५ ला खेड्यापाड्यातून जमीनदारांचे वाडे पेटायला लागले तेव्हा नोव्हेंबरमधे जाहीर केलं, १९०६ ला हप्ता अर्धा आणि १ जानेवारी १९०७ पासून बंद. तोवर शेतकऱ्यांनी दीडशे कोटी रुबलच्या वर भरून झाले होते, त्या ५४ कोटींच्या जमिनीचे.

सीमाताई

एक राहिलं. क्ल्युचेव्स्की या इतिहासकाराने म्हटलं होतं ते सांगते. १८ फेब्रुवारी १७६२ ला तिसऱ्या पीटरने सरदारांना सक्तीच्या सरकारी नोकरीतून मोकळं केलं. सरदार राजाची चाकरी करतात म्हणून शेतकऱ्यांनी सरदारांची करायची, हे भूदासप्रथेचं मूळ कारण. ते कारण गेलं, म्हणजे न्यायाने दुसऱ्या दिवशी, १९ फेब्रुवारीला, शेतकरी सुटायला हवे होते. सुटले पण दुसऱ्याच दिवशी, फक्त ९९ वर्षांनी.

खडूफळा

_/\_ हे वाक्य मलाच सुचायला हवं होतं. मीर मोडून शेतकऱ्याला स्वतःच्या नावाने जमीन देण्याचा प्रयत्न १९०६ पासून पंतप्रधान स्तोलिपिनने केला, त्यावर वेगळा धागा काढतो, इथे फार लांबेल.